टायर निवडावा खानदेशच्या उन्हासाठी

मोटरसायकल १६० किलोची आणि स्वार ७५ किलोचा धरला, तर दोन चाकांवर मिळून २३५ किलो भार येतो. टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते. भाराला दाबाने भागलं की टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती असेल याचा ढोबळ अंदाज मिळतो: सुमारे १११ चौरस सेंटिमीटर. टपाल खात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटरचं असतं. पुढचा आणि मागचा टायर मिळून रस्त्यावर एका पोस्टकार्डाएवढी जागाही व्यापत नाहीत. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना गाडी वळणावर कलते, वळणापलीकडे दरडीचा दगड दिसतो, स्वार ब्रेक दाबतो आणि गाडी दुसऱ्या बाजूला घेतो. हे सगळं तेवढ्या रबराच्या भरवशावर घडतं. इंजिन किती सीसीचं आहे, डिस्क किती मोठी आहे, एबीएस एका चाकाला आहे की दोन्ही, हे प्रश्न त्यानंतरचे.

एवढं असूनही टायर बदलायची वेळ आली की जळगाव-धुळ्याच्या दुकानात दोनच प्रश्न ऐकू येतात. कोणत्या कंपनीचा घेऊ, आणि याच्यापेक्षा जाडा बसेल का? दुकानदारही तयार असतो: "भाऊ, जाडा टाक ना, लूक येईल." माझ्या मते या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. ही गाडी कुठे, कोणत्या महिन्यात आणि कशी चालते? पुण्या-मुंबईत किंवा युरोपात छान ठरलेला टायर खानदेशात छान ठरेलच असं नाही, आणि याची कारणं इथल्या जमिनीत आणि हवेत आहेत.

आधी रस्ते बघू. धुळे हे महामार्गांच्या चौकातलं शहर. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. सुरत-नागपूर रस्त्याचा जुना क्रमांक सहा, आताचा ५३. इंदूरकडून येणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग धुळ्यातून चाळीसगाव आणि कन्नडमार्गे छत्रपती संभाजीनगरला जातो. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठायचं तर सुमारे नव्वद किलोमीटर पडतात. तापीच्या खोऱ्यातला हा सगळा पट्टा सपाट आहे, रस्ता बराचसा सरळ आहे. घाट आहेत ते खानदेशच्या कडांना. दक्षिणेला कन्नडचा आणि फर्दापूरपुढे अजिंठ्याचा, पश्चिमेला साक्रीपलीकडे कोंडाईबारीचा, उत्तरेला शिरपूर-पळासनेर सोडलं की बिजासनचा. तोरणमाळचा सातपायरी घाट नंदुरबार जिल्ह्यात आहे.

या सपाट, सरळ रस्त्यांचा टायरवर परिणाम लगेच दिसतो. रोज महामार्गावर धावणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध झिजतो आणि कडा तशाच राहतात. गोल असलेला टायर चपटा, चौकोनी होतो. सरळ रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. रविवारी घाटात गेलं की लक्षात येतं. गाडी आधी कलायला नकार देते आणि मग चपट्या भागाची कड ओलांडली की एकदम कोसळल्यासारखी आत पडते. स्वाराला वाटतं आपलं वळण चुकलं. टायरवरून आडवा तळहात फिरवून बघितला तर मधला सपाट पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा हाताला स्पष्ट लागतात. नक्षी अजून दिसते म्हणून असा टायर अनेकजण पुढचे सहा महिने चालवतात. घाटात जाणाऱ्याने चालवू नये.

म्हणून खानदेशात स्पोर्ट बाइकसाठी टायर बघताना पहिली अट ठेवावी की मधला पट्टा टिकाऊ हवा. महागड्या टायरमध्ये मध्ये कडक आणि कडेला मऊ असं दोन प्रकारचं रबर असतं. ही कल्पना आधी शर्यतींत आली आणि नंतर रस्त्यावरच्या टायरमध्ये उतरली. आपल्या दीडशे ते चारशे सीसीच्या गाड्यांसाठी मिळणारे बरेच टायर एकाच रबराचे असतात. तिथे निवड दोन टोकांमधली असते. एका बाजूला मऊ, चिकट, वळणावर निर्धास्त करणारा आणि लवकर संपणारा टायर. दुसऱ्या बाजूला टिकाऊ, पण ओल्या रस्त्यावर कच खाणारा. कंपन्या ज्याला स्पोर्ट-टुरिंग म्हणतात तो मधला प्रकार इथे बहुतेकांना पुरतो.

मऊ रबर म्हणजे कायम जास्त पकड, असा एक गैरसमज आहे. रबराची पकड दोन गोष्टींतून येते. ते रस्त्याच्या खडबडीतपणात दबतं आणि परत वर येताना ऊर्जा खर्च करतं, ही एक गोष्ट. रबराचे रेणू रस्त्याला क्षणभर चिकटतात, ही दुसरी. दोन्ही गोष्टी तापमानावर अवलंबून असतात. थंड रबर कडक असतं, तापलं की मऊ होतं, आणि प्रत्येक रबराचा एक सोयीचा पट्टा असतो. रेसिंगचा टायर ८० अंशांच्या आसपास तापला की कामाला लागतो. म्हणून ट्रॅकवर त्याला आधी विजेच्या ब्लँकेटने गरम करतात. तो टायर डिसेंबरच्या पहाटे धुळ्यात, पारा पाच-सहा अंशांवर असताना, गाडीला लावला तर कॉलेजपर्यंत त्याला जागच येणार नाही. उलट मेमध्ये भुसावळला हवाच ४५-४६ अंशांवर असते आणि डांबर साठच्या पुढे तापतं. तिथे साधा रस्त्यावरचा टायरही चार-पाच किलोमीटरमध्ये गरम होतो. तिथे अतिमऊ रबर घेऊन हाती लागते ती फक्त झीज. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत असा टायर मधोमध खरडला जातो, आणि पावसाळ्यात नक्षीची गरज पडते तेव्हा ती उरलेली नसते.

उन्हाबद्दल खानदेशात एक सल्ला पिढ्यान्पिढ्या दिला जातो: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल. माझं या प्रकरणातलं सगळ्यात आग्रहाचं सांगणं याच्या बरोबर उलट आहे, म्हणून इथे जरा थांबून हिशेब करू.

बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. किती वाढतो ते मोजता येतं, फक्त तापमान केल्विनमध्ये घ्यावं लागतं आणि दाबात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवावे लागतात. समजा मागच्या टायरला कंपनीने ३३ पीएसआय सांगितलेत. मेमधल्या दुपारी जळगावहून निघून तुम्ही धुळ्याच्या बाहेरच्या पंपावर थांबलात. टायरच्या आतली हवा ७० अंशांना पोचली आहे, म्हणजे ३४३ केल्विन. मुलगा मीटर लावतो, आकडा जास्त दिसतो, तो हवा सोडून बरोबर ३३ वर आणून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे टायर २८ अंशांवर आला आहे, म्हणजे ३०१ केल्विन. ३३ अधिक १४.७ म्हणजे ४७.७. त्याला ३०१ ने गुणा, ३४३ ने भागा, १४.७ वजा करा. उत्तर येतं सुमारे २७. काल अचूक मोजून घेतलेल्या टायरमध्ये आज सहा पीएसआय हवा कमी आहे.

कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त चेपतो आणि परत फुगतो. हे चेपणं-फुगणं म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे उष्णता. बाहेर ४५ अंश असताना ही उष्णता बाहेर पडायला वाव कमी मिळतो. टायर तापतो, आतले दोर आणि रबर यांची पकड सैल होते, थर सुटतात. महामार्गावर उन्हाळ्यात फुटलेल्या टायरमागे अनेकदा कमी हवा असते, आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो. गाडी चालताना दाब वाढणार हे टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. सांगितलेला आकडा थंड टायरचाच असतो. तेव्हा हवा सकाळी, गाडी उन्हात यायच्या आधी, घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत भरावी. आकडा स्विंगआर्मवरच्या किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो. मागे कोणी बसणार असेल तर त्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो. टायरच्या बाजूवर लिहिलेला कमाल दाब रोज भरण्यासाठी नसतो. साधं गेज खिशात मावतं आणि ते विकत घेणं टायरच्या पैशांपुढे काहीच नाही.

नायट्रोजनचं विचाराल तर त्याने नुकसान काही नाही. पण तुमच्या आजूबाजूची हवा आधीच ७८ टक्के नायट्रोजन आहे, आणि तापल्यावर तो हवेसारखाच वाढतो. वर्षातून दोनदा नायट्रोजन भरून घेणाऱ्यापेक्षा दर पंधरवड्याला साधी हवा मोजणारा चांगला.

ऊन टायरला उभ्या उभ्याही खातं. रबरावर ताण असताना हवेतला ओझोन त्याला बारीक भेगा पाडतो आणि सूर्यप्रकाश त्यात भर घालतो. त्यापासून वाचवण्यासाठी रबरात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरत राहिला की ती हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. बाजूवर कधी कधी दिसणारा तपकिरी थर त्यांचाच असतो. तो घाण समजून डिझेलने किंवा रॉकेलने पुसून काढायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती सोडावी, साबणाचं पाणी पुरतं. धुलाई केंद्रात टायर चकचकीत करायला पॉलिश लावतात, ते तर जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या जवळही येऊ देऊ नये.

आता पावसाचं. धुळे-जळगाव पट्ट्यात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने हे फारच थोडं. म्हणून इथले स्वार पावसाचा टायर हा विचारच करत नाहीत. पण घसरण्याचा धोका पावसाच्या एकूण बेरजेवर ठरत नाही. महिनोन्महिने कोरड्या राहिलेल्या रस्त्यावर तेल, डिझेल आणि रबराची भुकटी साचलेली असते. पहिल्या सरीत तिचा राप तयार होतो, आणि तो वाहून जायला चांगला जोराचा पाऊस लागतो. रिमझिमीत तो तसाच राहतो. त्यानंतर येते काळी माती. पेरणीच्या आणि कोळपणीच्या दिवसांत शेतातून ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर येतात आणि चाकांतला चिखल पन्नास-शंभर मीटर पसरवत जातात. कापसाच्या या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि रस्ता आणि रबर यांच्यामध्ये वंगणासारखा थर बनवतो. यावर रस्त्यासाठी बनवलेला कुठलाही टायर पकड घेऊ शकत नाही, कारण त्याच्या खाचा पहिल्याच फेरीत बुजतात. यावल-रावेरच्या बाजूला केळीच्या बागांच्या तोंडाशी, एरंडोल-पारोळ्याकडे कापसाच्या शेतांजवळ रस्त्यावर काळे पट्टे दिसले की वेग कमी करणं, गाडी सरळ ठेवणं आणि पुढच्या ब्रेकला हात न लावणं, एवढंच करता येतं. तरीही या चिखलासाठी स्पोर्ट बाइकला बटन टायर बसवू नयेत. चिखलाच्या त्या शंभर मीटरसाठी उरलेल्या शेकडो किलोमीटरची पकड घालवावी लागते.

पाण्याचं मात्र वेगळं आहे. स्वच्छ पाण्याने भिजलेल्या रस्त्यावर खाचा पाणी बाजूला ढकलतात आणि रबरात मिसळलेली सिलिका कमी तापमानातही पकड टिकवते. फक्त काजळी वापरलेल्या जुन्या पद्धतीच्या रबरापेक्षा हा फरक ओल्यात जाणवतो. माहितीपत्रकात सिलिकाचा उल्लेख असेल तर तो इथल्या स्वारासाठी कामाचा आहे. खाचांची खोली कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर लागते. टायरच्या बाजूवर छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं असतात. त्यांच्या रेषेत खाचेच्या तळाशी एक उंचवटा असतो, आणि झीज त्याला टेकली की टायर संपला. पण पावसाळा समोर असेल तर मी तिथपर्यंत थांबा असं म्हणणार नाही. काड्यापेटीतली लाकडी काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. ती मधल्या खाचेत आडवी पूर्ण बुडत नसेल तर मृगाआधी टायर बदलावा. गोटा झालेल्या टायरने कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागतात म्हणून त्यावर विश्वास ठेवणाऱ्याला पहिला पाऊसच अडचणीत आणतो.

जाडीचा मोह आता बघू, कारण तो सगळ्यात मोठा आहे. तो कुठून आला हेही समजण्यासारखं आहे. १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १००चा मागचा टायर २.७५ इंचांचा, म्हणजे जेमतेम ७० मिलिमीटर रुंद होता. त्या गाडीने एका पिढीला वेगाचं वेड लावलं. २००१मध्ये बजाजची पल्सर आली, २००८मध्ये यामाहा आर१५, आणि जानेवारी २०१२मध्ये चाकणला बनलेली केटीएम ड्यूक २००, मागे १५० मिलिमीटरचा टायर घेऊन. पंचवीस-तीस वर्षांत मागचा टायर दुपटीहून जास्त रुंद झाला. तेव्हा रुंद म्हणजे भारी हे समीकरण डोक्यात बसलं.

पण सुरुवातीचा हिशेब आठवा. जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं. टायर रुंद केला तर तेच क्षेत्रफळ आडवं होतं आणि लांबीला कमी होतं. नव्या गाड्यांना रुंद टायर मिळाला तो रुंद रिम, ताकदवान इंजिन आणि त्यासाठी आखलेल्या सस्पेन्शनसकट. ड्यूक ३९०ची मागची रिम ४ इंचांची आहे. जुन्या पल्सरच्या १०० मिलिमीटरच्या टायरसाठी बनलेल्या अरुंद रिमवर १३० किंवा १४० बसवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि टायर मधोमध टोकदार होतो. सरळ चालताना जमिनीला टेकतो तो मधला अरुंद पट्टा. वळणावर कड नेमकी कुठे आहे याचा अंदाज चुकतो. चाक जड होतं, गाडी सुस्त होते, पेट्रोल जास्त लागतं, आणि कधी चेन टायरला घासते.

उंचीही बदलते. आर१५च्या अलीकडच्या आवृत्त्यांना मागे १४०/७० आर १७ टायर येतो. १४० ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे ९८ मिलिमीटर, आणि १७ हा रिमचा इंचांतला व्यास. सगळं मिळून चाकाचा व्यास होतो ६२८ मिलिमीटर. त्याजागी ड्यूकचा १५०/६० लावला तर व्यास येतो ६१२. गाडीचा मागचा भाग आठ मिलिमीटर खाली बसतो, पुढचा काटा तेवढा आडवा होतो, आणि चपळ वळणासाठीच नावाजलेली गाडी वळायला आळशी होते. एबीएस दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना करत असतं, त्याचाही हिशेब बदलतो. दहा मिलिमीटर रुंदीसाठी हा सौदा मला अजिबात मान्य नाही. कंपनीने दिलेलं मापच घ्यावं.

आता टायरची बाजू वाचू. दुकानात टायर हातात घेतला की रंगीत कागदी पट्टी बाजूला सारून आडवा धरावा. समजा वाचलंत: १४०/७० आर १७ एम/सी ६६ एच. माप कळलं. आर म्हणजे रेडियल. त्यात आतले दोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ जातात. साध्या, म्हणजे बायस टायरमध्ये ते तिरके एकमेकांवरून जातात. रेडियल कमी तापतो आणि वेगात स्थिर राहतो, म्हणून आपल्या उन्हात त्याचा फायदा जास्त. त्याची बाजू मात्र तुलनेने नाजूक असते आणि खड्ड्याचा मार लवकर खाते. पुढे बायस आणि मागे रेडियल ही जोडी आर१५ला कंपनीनेच दिली आहे, ती चालते. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी उलटी जोडी लावू नये. एम/सी म्हणजे मोटरसायकलसाठी. ६६ हा भाराचा सांकेतिक अंक, त्याचा अर्थ ३०० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. पी १५०, एस १८०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. गाडी ताशी १४० धावत असेल तर डब्ल्यूसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही, पण मूळ टायरपेक्षा खालचं अक्षर आणि खालचा अंक कधी घेऊ नये.

यानंतर शोधायचा तो लंबगोलातला चार आकडी क्रमांक. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. हा क्रमांक सहसा एकाच बाजूला असतो, म्हणून टायर उलटूनही बघावा. खानदेशात याला जास्त महत्त्व आहे, कारण पत्र्याच्या छताखाली किंवा दुकानाच्या दर्शनी भागात उन्हात टांगून ठेवलेला टायर गिऱ्हाइकाची वाट बघत दोन उन्हाळे काढतो. न वापरता तो कडक होतो. एका वर्षाच्या आतला टायर मागावा, आणि उन्हात लटकलेला तर ताज्या तारखेचाही घेऊ नये. वापरातल्या टायरला पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, नक्षी कितीही उरलेली असो.

आयएसआयची खूणही बघावी. दुचाकीच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६२७ आहे आणि परदेशी कंपनीलाही त्यातून सूट नाही. १२ जून २०२० रोजी केंद्राने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, आणि पिरेली, मेत्झेलरसारख्या नावांचा पुरवठा आटला. ड्यूक ३९०बरोबर मेत्झेलरचे स्पोर्टेक एम५ टायर आले होते. तेच परत हवेत म्हणून हट्टाने शोधणाऱ्यांच्या हाती अनेकदा जुना साठा पडला. जुन्या तारखेच्या परदेशी टायरपेक्षा ताज्या तारखेचा देशी रेडियल चांगला, हे मी खात्रीने सांगतो. अपोलोचा अल्फा एच१, सिएटचे झूम रॅड, टीव्हीएस युरोग्रिपचे प्रोटॉर्क, एमआरएफचे रेव्झ आणि झॅपर या नावांनी या मापांत आता बरी निवड आहे. सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना तर नागपूरजवळ बुटीबोरीत आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या दरपत्रकाने भाव सांगितला तर विचारावं. बिल घ्यावं, वॉरंटी त्यावरच मिळते.

टायर चांगला निवडून बसवण्यात घालवणारे बरेच आहेत. ट्यूबलेस टायर लोखंडी टॉमीने खेचून चढवला की त्याची आतली कड दुखावते आणि मिश्रधातूच्या रिमला ओरखडे पडतात. मग हवा हळूहळू निघत राहते आणि कारण सापडत नाही. मशिनवर बसवून घ्यावा, व्हॉल्व्ह नवा टाकायला सांगावा आणि चाकाचं बॅलन्सिंग करून घ्यावं. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते उभं राहून बघावं. पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ यायला हवा.

बाभळीचा काटा हा खानदेशातल्या टायरचा कायमचा शत्रू. ट्यूबलेसमध्ये तो रुतून बसतो आणि हवा दिवसभर थोडी थोडी जाते, म्हणूनही सकाळचं मोजणं उपयोगी. चिकट वात खुपसून केलेलं पंक्चर घरी पोचायला ठीक आहे. पण महामार्गावर चालणाऱ्या गाडीचा टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. बाजूला पडलेलं भोक दुरुस्त करू नये, कोणी कितीही खात्री दिली तरी.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर तो निसरडा असतो. म्हणून टायर बदलण्याची खानदेशातली योग्य वेळ आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आणि मृगाच्या आधीची. कोरड्या रस्त्यावर हळूहळू कलत हे किलोमीटर पूर्ण झाले की पहिल्या सरीला टायर तयार असतो. पावसात बदलावा लागला तर ते दीडशे किलोमीटर घाटात जाऊ नका.

आणि जुना टायर दुकानात टाकून येण्याआधी तो एकदा नीट बघा. मधला पट्टा संपलेला आणि कडा कोऱ्या असतील तर तुमचं बहुतेक चालवणं महामार्गावरचं आहे, टिकाऊ टायर घ्या. कडाही सारख्याच झिजल्या असतील तर मऊ टायरवर पैसे घालायला हरकत नाही. पुढच्या टायरवर हाताला खड्डे-उंचवटे लागत असतील तर हवा कमी राहते आहे किंवा सस्पेन्शन थकलं आहे, ते आधी बघा, नाहीतर नवा टायरही तसाच झिजेल. दुकानदार काय म्हणतो ते ऐका, पण पुढचा टायर या जुन्या टायरला विचारूनच घ्या.